पादराला नोटीस येत नाही: बडोद्याच्या कडेचं गाव शहरात येतं तेव्हा टीपी योजनेत काय घडतं

आत्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "बघ रे, यात आपली जमीन सहाशे मीटरच लिहिलीय. आपल्याकडच्या कागदावर तर हजार आहे. मधले चारशे कुठे गेले?"

आत्याचं लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. लग्नानंतर वीस-बावीस वर्षं भाड्याच्या घरांत गेली, आणि मग भायलीच्या बाजूला, तिथे ग्रामपंचायत होती त्या काळात, तिने आणि आतोबांनी बिनशेती केलेली ही जमीन घेतली. तेव्हा तिथे जायला रिक्षावाले तयार होत नसत. पुढे २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, उंडेरा, करोडिया, वेमाली आणि वडदला ही सात गावं बडोदे महापालिकेत आली. आत्याच्या हातातला कागद हा तिथल्या टीपी योजनेचा एफ फॉर्म होता.

बडोद्यात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या तोंडी 'टीपी' हा शब्द रोज असतो. टीपीचा रोड, टीपीचा प्लॉट, टीपी पडली, टीपी मंजूर झाली. पण टीपी म्हणजे नक्की काय, ती कोण करतं, तिच्यात आपल्याला कधी बोलता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मलाही नव्हतं. आत्याच्या चारशे मीटरांचा माग काढताना मी हा विषय शिकलो. आणि शिकताना लक्षात आलं की आत्याच्या जमिनीची काळजी घेणारी व्यवस्था तरी आहे, पण तिच्या घरामागच्या तलावाची आणि पादराची, म्हणजे गावाबाहेरच्या सामाईक मोकळ्या जागेची, काळजी घेणारं त्या सगळ्या कागदांत कोणीच नाही.

डीपी आणि टीपी

आधी या दोन शब्दांतला गोंधळ दूर करू. डीपी म्हणजे विकास योजना. अख्ख्या शहराचा आणि त्याच्या भोवतालच्या पट्ट्याचा एक मोठा नकाशा. कुठे राहायची घरं, कुठे कारखाने, कुठे शेतीच राहील, रिंग रोड कुठून जाईल, हे त्यात ठरतं. बडोद्याच्या भोवतालच्या भागासाठी हे काम वुडा, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरण, १९७८ पासून करत आलं आहे. कायद्याप्रमाणे दर १० वर्षांनी डीपीची फेरतपासणी व्हायला हवी.

डीपी लांबून काढलेलं चित्र असतं. त्यात तुमचा प्लॉट दिसत नाही. तो दिसतो टीपीमध्ये, म्हणजे नगररचना योजनेत. साधारण शंभर हेक्टरच्या आसपासचा एक तुकडा घेतात आणि त्यातल्या प्रत्येक जमिनीचा आकार नव्याने ठरवतात.

टीपी समजून घ्यायला मला सगळ्यांत सोपी गोष्ट वाटते ती भावाभावांच्या वाटणीची. चार भावांची शेतं वेडीवाकडी पसरलेली आहेत. एकाच्या शेतात जायला वाट नाही, दुसऱ्याचं शेत चिंचोळं, तिसऱ्याचं तीन तुकड्यांत. चौघं बसतात, सगळी जमीन क्षणभर एकत्र धरतात, मधून गाडीवाट काढतात, विहिरीभोवतीची जागा सामाईक ठेवतात आणि उरलेली जमीन चौकोनी तुकडे पाडून पुन्हा वाटून घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला आधीपेक्षा थोडी कमी जमीन येते, पण तिला वाट असते, पाणी असतं, आणि म्हणून तिची किंमत वाढते. टीपी म्हणजे हीच वाटणी. फरक इतकाच की इथे भाऊ चार नसून चारशे असतात आणि वाटणी सरकार करतं.

जुन्या तुकड्याला ओरिजिनल प्लॉट म्हणतात, नव्याला फायनल प्लॉट. बोलताना सगळे 'ओपी' आणि 'एफपी' असंच म्हणतात. एफ फॉर्ममध्ये डाव्या बाजूला तुमचा ओपी असतो, उजव्या बाजूला एफपी, आणि मध्ये पैशांचे रकाने.

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराने १९०२ मध्ये जमिनी एकत्र करून पुन्हा वाटण्याचा कायदा केला, आणि तीच कल्पना १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आली. बडोदे संस्थान तेव्हा वेगळं होतं, पण सयाजीराव महाराज या विषयात मागे नव्हते. पॅट्रिक गेडिस हा नामवंत नगररचनाकार इथे आला आणि त्याने बडोद्याच्या वाढीवर १९१६ मध्ये अहवाल लिहिला. जुनं गाव पाडून रुंद रस्ता काढण्याऐवजी, आहे त्या वस्तीत कमीत कमी कापाकाप करून मोकळी हवा आणावी, असं त्याचं सांगणं असे, आणि तळी बुजवण्याला त्याचा विरोध असे. आज बडोद्याच्या कडेला उभं राहिलं की हा माणूस मला वारंवार आठवतो.

सध्या गुजरातेत लागू असलेला कायदा १९७६ चा आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यातही टीपीची सोय आहे, पण तिकडे ती बराच काळ मागे पडली. गुजरातने ती सोडली नाही. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड आणि २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावाची फेरमांडणी, दोन्हींमागे टीपी योजनाच होत्या. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हा विषय सांगताना मला सुरुवातीपासून सांगावं लागतं.

चारशे मीटर कुठे गेले

आता आत्याचा प्रश्न. बडोद्यात याला 'कपात' म्हणतात. योजनेतल्या एकूण जमिनीपैकी किती जमीन कशासाठी घेता येईल हे कायद्याच्या कलम ४० मध्ये सांगितलं आहे: रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा, मैदानं आणि मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा, दवाखाना, अग्निशमन अशा सोयींसाठी ५ टक्के, आणि आणखी १५ टक्के जमीन प्राधिकरणाने विकून योजनेचा खर्च भागवण्यासाठी. बेरीज ४० टक्के. विकासाच्या स्वरूपाप्रमाणे कारणं नोंदवून हे प्रमाण बदलता येतं, पण सर्वांच्या तोंडी '४० टक्के कपात' हेच बसलेलं आहे. हजारातले चारशे असे गेले.

जमीन सरळ संपादन केली असती तर काही कुटुंबांची सगळी जमीन गेली असती आणि शेजारच्याची एक इंचही नाही. रस्त्यावर ज्याचं शेत आलं तो भूमिहीन, रस्त्याकडेला ज्याचं आलं तो मालामाल. टीपीमध्ये झळ सगळ्यांना सारखी लागते आणि फायदाही सगळ्यांना मिळतो. म्हणून मी या पद्धतीचा चाहता आहे, हे स्पष्ट सांगतो. पुढे जी तक्रार करणार आहे ती टीपी नको म्हणून नाही.

पैशांचा हिशोब थोडा किचकट आहे, पण एकदा पाटीवर मांडला की उलगडतो. आकडे फक्त समजण्यासाठी घेतो. समजा आत्याच्या १,००० चौरस मीटर ओपीचा भाव ५,००० रुपये मीटर धरला, म्हणजे किंमत ५० लाख. तिला मिळालेल्या ६०० चौरस मीटर एफपीचा भाव, रस्ते-गटारं होण्याआधीचा, पण नीट चौकोनी आकाराचा म्हणून ५,५०० धरला, म्हणजे ३३ लाख. जमीन कमी झाली त्याची भरपाई ५० वजा ३३, म्हणजे १७ लाख. आता सगळ्या सोयी झाल्यावर त्याच एफपीचा भाव १२,००० धरला, तर किंमत ७२ लाख. सोयींमुळे झालेली वाढ ७२ वजा ३३, म्हणजे ३९ लाख. या वाढीतला जास्तीत जास्त अर्धा वाटा मालकाकडून घेता येतो: साडेएकोणीस लाख. त्यातून १७ लाख भरपाई वजा केली की आत्याने भरायचे राहिले अडीच लाख.

आणि इथे एक बारीक मेख आहे. हे सगळे भाव धरायचे ते योजना करण्याचा इरादा जाहीर झाला त्या दिवशीचे. योजना पूर्ण व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर बाजारभाव कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून मालकाला भरावी लागणारी रक्कम शेवटी किरकोळ वाटते, आणि प्राधिकरणाच्या हाती रस्ते-गटारांसाठी पुरेसा पैसा येत नाही. मग त्या १५ टक्के विक्रीच्या जमिनीवर सगळी भिस्त राहते. ही जमीन चांगल्या रस्त्यावर, चांगल्या आकाराची हवी असते, आणि बागेच्या वाट्याला काय उरतं ते कडेचं, कोपऱ्यातलं, सखल असं असू शकतं. नकाशा बघताना बागेचा प्लॉट कुठे टाकलाय हे पहिल्यांदा बघा. त्यावरून योजना कोणासाठी आखली आहे ते कळतं.

बोलायची वेळ कोणती

टीपीचा प्रवास असा होतो. आधी इरादा जाहीर होतो. त्या दिवसापासून त्या भागात परवानगीशिवाय बांधकाम बंद. मग मोजणी, नोंदी जुळवणं, आणि जमीनमालकांची सभा. तिला 'ओनर्स मीटिंग' म्हणतात. तिथे भिंतीवर नकाशा लावलेला असतो आणि अधिकारी योजना समजावून सांगतात. त्यानंतर कच्ची योजना प्रसिद्ध होते. इराद्यापासून ९ महिन्यांत ती व्हावी असं कायदा म्हणतो. प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी एक महिना. मग सरकारची मंजुरी.

कच्ची योजना मंजूर झाल्याबरोबर नकाशातल्या रस्त्यांची जमीन प्राधिकरणाच्या ताब्यात येऊ शकते. १९९९ च्या दुरुस्तीने ही सोय केली. आधी रस्त्यांसाठी अंतिम मंजुरीपर्यंत थांबावं लागे, लोक म्हातारे होत. दुरुस्ती चांगलीच होती, पण तिचा एक परिणाम झाला. रस्ता कच्च्या योजनेतच पक्का होऊ लागला. त्यानंतर नगररचना अधिकारी, म्हणजे टीपीओ, नेमला जातो. तो प्रत्येक मालकाला नोटीस देऊन स्वतंत्र सुनावणी घेतो, एफपीच्या हद्दी ठरवतो, मग पैशांचा हिशोब. पैशांबद्दल अपील करता येतं. शेवटी प्राथमिक योजना, अंतिम योजना, आणि सरकारी शिक्का.

म्हणजे बोलायच्या खिडक्या मोजून तीन. ओनर्स मीटिंग, कच्च्या योजनेनंतरचा एक महिना आणि टीपीओची सुनावणी. यातल्या पहिल्या दोन वेळा नकाशा अजून ओल्या मातीसारखा असतो. तिसऱ्या वेळी तुमच्या प्लॉटचा कोपरा इकडचा तिकडे होऊ शकतो, पण रस्त्याची रेघ सहसा हलत नाही. तिथे डांबर पडायला सुरुवात झालेली असते.

आमच्या घरी ही पहिली आणि दुसरी खिडकी चुकली. जाहीर सूचना एका गुजराती वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली होती, राजपत्रातही आली होती. आत्याच्या घरी मराठी वर्तमानपत्र येतं, तेही आदल्या दिवसाचं. ओनर्स मीटिंगचं पत्र जुन्या भाड्याच्या पत्त्यावर गेलं. कार्यालयात जाऊन विचारलं तर तिथल्या कर्मचाऱ्याने वहीतली जावक नोंद दाखवली. पत्र पाठवल्याची नोंद होती, आणि पोचल्याचं कोणी विचारत नव्हतं. सांगायचं एवढंच की बाहेरच्या भागात जमीन असेल तर सात-बाराच्या किंवा प्रॉपर्टी कार्डाच्या नोंदीत आपला आजचा पत्ता आहे का, आणि आजोबांच्या नावावरून आपल्या नावावर वारसनोंद झाली आहे का, हे आधी बघून घ्या. मराठी कुटुंबांत चार भाऊ चार शहरांत, आणि नोंद अजून आजोबांची, हे फार दिसतं. नोटीस आजोबांच्या नावाने निघते आणि रिकाम्या वाड्याच्या ओट्यावर पडून राहते.

पादर कोणाचं

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

गुजरातेतल्या गावात दोन शब्द महत्त्वाचे. गामतळ म्हणजे आपलं गावठाण, जिथे घरं आहेत. आणि पादर म्हणजे गावाच्या वेशीबाहेरची मोकळी जागा, गावाचं अंगण म्हणा. गावात येणारा रस्ता जिथे वळतो ती भागोळ. पादरात तलाव असतो, तलावाच्या काठी वड, वडाखाली देरी, म्हणजे छोटं देऊळ. कधी गावासाठी जीव दिलेल्याचा पाळिया उभा असतो, आपल्याकडच्या वीरगळासारखा. कधी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, असते. जनावरं तिथेच बसतात, लग्नाचा मांडव तिथेच पडतो, गणपती तिथेच बुडतो.

गामतळ टीपीच्या मांडणीत बहुतेकदा आहे तसंच ठेवतात, कारण घरं मोडणं अवघड. शेतांचे ओपीचे एफपी होतात, आणि प्रत्येक शेताला मालक असतो. त्याला नोटीस जाते, तो सुनावणीला येतो, वकील आणतो, प्लॉटच्या प्रत्येक फुटासाठी भांडतो. पादर बहुतेक सरकारी नोंदीत पडीक, खराबा किंवा गौचर (आपलं गायरान) म्हणून लिहिलेलं असतं. त्याला मालक नाही. म्हणून त्याला नोटीस जात नाही. त्याच्या बाजूने सुनावणीला कोणी बसत नाही. आणि नकाशावर रस्ता ओढायचा तर कोणाचीही हरकत न येणारी, कोणालाही भरपाई द्यावी न लागणारी जागा कोणती? पादरच.

म्हणून शहराच्या कडेला जुन्या गोष्टी नाहीशा होतात तेव्हा बहुधा कोणी त्या मुद्दाम पाडत नाही. सरकारी जमिनीवरून जाणारी रेघ सगळ्यांना सोयीची असते, एवढंच कारण असतं.

सेवासीचंच उदाहरण घ्या. सिंधरोटच्या रस्त्यावर सेवासीला जी वाव आहे ती १५४३ ची. गुजरात सल्तनतीच्या काळातली, आपले गायकवाड बडोद्यात यायच्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक आधीची. रस्त्यावरून जाताना नुसता दगडी माथा दिसतो. आत उतरायला लागलं की मजल्यामागून मजला खाली जात राहतो, कोरीव खांब, गार अंधार. माझ्या बाबांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून तिथे नेलं होतं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आज तिथून जाताना फार्महाऊसं, पार्टी प्लॉट आणि इमारती लागतात. वाव तिथेच आहे. पण वाव म्हणजे काय फक्त दगड? वाव म्हणजे जमिनीखालच्या पाण्यापर्यंत जाणारा जिना. आजूबाजूची जमीन काँक्रीटने झाकली आणि पाणी मुरायचं थांबलं, की तो जिना कुठेच जात नाही.

तलावाचंही तसंच. टीपीत तलाव बहुतेक वाचतो, कारण तो नकाशावर निळा असतो. त्याला कठडा होतो, फरशी बसते, बाकं येतात, संध्याकाळी दिवे लागतात. वाचत नाहीत ते तलावाकडे पाणी आणणारे उतार. ते नकाशावर निळे नसतात. ते शेतातून जाणारे ओहोळ असतात, पावसाळ्यात महिना-दोन महिने वाहणारे. त्यांच्यावर एफपी पडतात, भराव पडतो. आत्याच्या घरामागच्या तलावाचं असंच झालं. कठडा सुंदर आहे. पावसाळ्यात तलाव अर्धाही भरत नाही, आणि तलावाकडे न पोचलेलं पाणी समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर साठतं.

बडोद्यात या पाणवाटांना 'कांस' म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावं पुराच्या दिवसांत बातम्यांत येतात. हे सगळं शेवटी विश्वामित्रीत जातं. पावागडाच्या बाजूने येणारी, शहराच्या मधोमध वळणं घेत जाणारी, मगरींची ही नदी बडोद्याचा खरा नकाशा आहे. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला तेव्हा, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात, हा नकाशा सगळ्यांना घरात बसून दिसला. पुराला एकच कारण नसतं. धरणाचं पाणी, नदीचा गाळ, पुलांचे खांब, सगळंच असतं. पण शहराच्या कडेचा प्रत्येक बुजलेला खळगा म्हणजे कमी झालेली एक बादली, आणि त्या बादलीतलं पाणी कुठेतरी जाणारच.

गंमत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट ही की कायद्यात दोन्ही लिहिलेलं आहे. टीपीत काय काय करता येईल याची जी यादी कलम ४० मध्ये आहे, तिच्यात सखल, दलदलीची जमीन भरून काढणं आहे, आणि त्याच यादीत ऐतिहासिक महत्त्वाच्या आणि निसर्गसौंदर्याच्या गोष्टींचं जतनही आहे. भराव घालायला कंत्राटदार असतो. जतनाला कोण असतं?

संरक्षित असणं म्हणजे किती

"पण वाव, मकबरे, वाडे यांना तर सरकारी संरक्षण असतं ना?" असं आत्यानेही विचारलं. असतं, पण त्यात प्रती आहेत.

सगळ्यांत कडक नियम केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. बडोद्यात रावपुऱ्यातला भाऊ तांबेकरांचा वाडा, त्यातल्या भिंतीवरच्या चित्रांसकट, असा केंद्र-संरक्षित आहे. प्रतापनगरच्या बाजूचा हजिरा, म्हणजे अकबराच्या काळातल्या कुतुबुद्दीन मुहम्मद खानाचा मकबराही. दुसरी प्रत राज्य संरक्षित स्मारकांची, त्यांच्यासाठी गुजरातचा १९६५ चा कायदा आहे. तिसरी प्रत, शहराच्या बांधकाम नियमांप्रमाणे वारसा म्हणून नोंदलेल्या इमारती.

पादरातला वड, देरी, पाळिया, ओहोळ हे या तिन्ही प्रतींपैकी कशातच बसत नाहीत. गावातल्या म्हाताऱ्यांखेरीज त्यांची नोंद कुठे नसते. त्यांना वाचवायचा रस्ता पुरातत्त्व कायद्यातून जात नाही. तो टीपीच्या त्या ५ टक्क्यांतून जातो. बाग आणि मोकळ्या जागेसाठी ५ टक्के जमीन तर घ्यायचीच आहे. ती कुठे घ्यायची एवढाच प्रश्न. ती कुठल्याही कोपऱ्यात टाकण्याऐवजी पादरावर टाकली, तर तलाव, त्याचा उतार, वड आणि देरी एका एफपीत येतात. त्या एफपीला नंबर मिळतो, हद्द मिळते, 'बाग' असा शिक्का मिळतो. ज्याला मालक नव्हता त्याला कागद मिळतो. यात कोणाचा एक रुपया जास्त जात नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या पट्ट्याचंही हेच. तिथे कोणाचा एफपी टाकला तर त्या बिचाऱ्याला तिथे घर बांधता येणार नाही. त्याच पट्ट्यावर मोकळी जागा टाकली तर स्मारकही सुटतं आणि तो माणूसही.

पण हे कच्च्या नकाशातच होऊ शकतं. एकदा बागेचा प्लॉट दुसरीकडे पडला आणि पादरावर रस्ता आला की मग मोर्चे, सह्यांची मोहीम, वडाला दोरा बांधून फोटो, हे सगळं होतं आणि वड जातोच. मी अशा मोहिमांत उभा राहिलो आहे. तिथली माणसं मनापासून आलेली असतात. पण ती दोन वर्षं उशिरा आलेली असतात.

हरकत कशी लिहायची

हरकत फक्त जमीनमालकच घेऊ शकतो असा समज आहे. कायद्याचे शब्द योजनेने बाधित होणारी कोणतीही व्यक्ती असे आहेत. ज्याच्या सोसायटीत पाणी शिरणार आहे तो बाधितच आहे. डीपीच्या मसुद्यावर तर दोन महिने मिळतात.

'आमच्या परिसराचा विकास पर्यावरणपूरक व्हावा' अशी हरकत लिहिली तर अधिकारी ती वाचून 'नोंद घेतली' असं लिहितो, आणि त्याचंही चुकत नाही, कारण तिच्यात करण्यासारखं काही नसतं. हरकत अशी हवी: अमुक सर्व्हे नंबरच्या सरकारी पडीक जमिनीवर तलाव आहे, त्याला ईशान्येकडून अमुक सर्व्हे नंबरमधून पाणी येतं, हे त्याचे पावसाळ्यातले तीन फोटो, तारखेसकट, कच्च्या योजनेत इथे अमुक नंबरचा एफपी दाखवला आहे, आमची सूचना अशी की अमुक नंबरचा बागेचा प्लॉट इथे हलवावा आणि हा एफपी तिथे न्यावा, दोन्हींचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं आहे. सोबत नकाशाच्या प्रतीवर लाल पेनाने आखून. म्हणजे अधिकाऱ्याचं निम्मं काम तुम्ही करून दिलं. अशी हरकत फेटाळायची तर कारण लिहावं लागतं.

नकाशे आणि एफ फॉर्म कार्यालयात बघायला मिळतात. मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात मागायचे. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि हरकतींची मुदतही एकच महिना. म्हणून अर्ज इरादा जाहीर होताच टाकायचा, कच्ची योजना येईपर्यंत थांबायचं नाही. इरादा जाहीर झाल्याचं कळायला महापालिकेच्या आणि वुडाच्या सूचना महिन्यातून एकदा कोणीतरी बघायला हव्यात. सोसायटीत हे काम एकाला वाटून द्या. निवृत्त माणसं हे फार नेटाने करतात.

डीपीत जमीन बागेसाठी किंवा शाळेसाठी आरक्षित होऊन १० वर्षं झाली आणि ती घेतलीच नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. सहा महिन्यांत काही झालं नाही तर आरक्षण सुटतं. मालकाच्या दृष्टीने हे न्यायाचंच आहे. पण त्याचा अर्थ असाही की नकाशावरची हिरवी खूण कायमची नसते. तिच्यावर लक्ष ठेवणारा हवा.

बडोद्याचं नाव वडावरून पडलं. राष्ट्रकूटांच्या काळात, इ. स. ८१२ च्या ताम्रपटात, वटपद्रक या नावाने ते येतं, आणि तिथे ते शहर नाही. ते अंकोट्टक नावाच्या ठाण्याखालच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक खेडं आहे. अंकोट्टक म्हणजे आजचं अकोटा. तेव्हाचं शहर अकोटा होतं आणि बडोदे त्याच्या कडेचं गाव. पुढे पारडं फिरलं, आणि आता अकोटा हे बडोद्याचं एक उपनगर आहे. १९५१ मध्ये तिथे जैन कांस्यमूर्ती सापडल्या, त्या आपल्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहेत. जमिनीखाली राहिल्या म्हणून त्या राहिल्या.

आत्याच्या भागातली योजना आता टीपीओपुढे आहे. सुनावणीत तिने आधी स्वतःच्या प्लॉटचं बोलून घेतलं. तिच्या सहाशे मीटरांची एक बाजू तिरकी होती, ती सरळ करून मागितली. मग पिशवीतून दुसरा कागद काढला. त्यात तलावाच्या वरच्या अंगाला अजून मोकळा असलेला, प्राधिकरणाच्या विक्रीसाठी ठेवलेला एक प्लॉट होता आणि त्याच्या कडेने जाणारा ओहोळ. तेवढी सहा मीटरची पट्टी विक्रीतून वगळून उघडा कांस म्हणून ठेवावी, असं तिने लिहून दिलं. खाली गल्लीतल्या एकवीस घरांच्या सह्या, निम्म्या गुजरातीत, निम्म्या मराठीत. अधिकाऱ्याने कागद उलटसुलट बघितला, "बा, आ तमारी जमीन नथी," म्हणाला. आत्या म्हणाली, "माझी नाही, म्हणूनच लिहून आणलंय." त्याने आवक शिक्का मारला आणि नंबर दिला. तो नंबर आत्याने कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे, पुढच्या सुनावणीच्या तारखेखाली.